अर्धा कॉम्प्युटर

"तू इलेक्ट्रॉनिक्समधला डॉक्टर ना? मग हा एक पेशंट तपासून दे."

शेजारचे काका दारात उभे होते. (काका इंग्रजच आहेत. पण साठी ओलांडलेला, रविवारी लॉन कापणारा आणि आपण घरी नसताना आपली पार्सलं घेऊन ठेवणारा माणूस जगात कुठेही काकाच.) हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि डब्यात सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम. वहीएवढा काळा ठोकळा, राखाडी रबरी बटणं, कोपऱ्यात तिरका रंगीत पट्टा. सोबत एक कॅसेट आणि तिच्यावर बॉलपेननं लिहिलेलं 'स्कोअरबोर्ड'.

काका गावच्या क्रिकेट क्लबाचे स्कोअरर होते. १९८५ च्या उन्हाळ्यात त्यांनी या यंत्रावर बेसिकमध्ये धावफलक लिहिला आणि दोन सीझन दर रविवारी क्लबातल्या टीव्हीला यंत्र जोडून तो चालवला. आता क्लबाच्या वार्षिक जेवणाला जुन्या मंडळींसमोर तो पुन्हा लावायचा त्यांचा बेत होता. यंत्र जिवंत होतं. म्हणजे वीज दिली की बूड कोमट होत होतं, एवढाच पुरावा. स्पेक्ट्रमला साधा लाल दिवासुद्धा नाही. तो चालू आहे की बंद, हे सांगायचं काम टीव्हीचं, आणि तो टीव्ही क्लबानं केव्हाच भंगारात दिलेला.

मी मनात म्हटलं, एक पाच पौंडांची वायर मागवू, लावू भिंतीवरच्या चपट्या टीव्हीला, संपलं. तीन शनिवार गेले! त्या तीन शनिवारांत जे कळलं ते आज लिहितोय.

मुळात या यंत्रांना मॉनिटर का नव्हता? पैसे, दुसरं काय. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८० साली झेडएक्स८० बाजारात आणला तो ९९ पौंड ९५ पेन्सला. शंभराच्या आत किंमत बसवायची तर मॉनिटर देणं शक्यच नव्हतं. पण पडदा तर घराघरात होताच. फक्त त्या टीव्हीला एकच भाषा कळायची, ॲन्टेनातून येणारी. मग कॉम्प्युटरच्या पोटात एक छोटी पत्र्याची डबी बसवली, मॉड्युलेटर. कॉम्प्युटरचं चित्र ती टीव्ही प्रक्षेपणासारखं करून सोडायची, स्पेक्ट्रमच्या बाबतीत यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर. वायर ॲन्टेनाच्या भोकात खुपसायची आणि टीव्ही ट्यून करायचा. थोडक्यात, एका घरापुरतं दूरदर्शन केंद्र.

आपल्याकडे ज्यांनी नव्वदीच्या दशकात 'टीव्ही गेम' खेळलाय त्यांना हे सांगायला नको. दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीच्या मागे हात घालून ॲन्टेनाची वायर काढायची, गेमची लावायची, आणि मुंग्यांच्या गर्दीतून चित्र येईपर्यंत ट्यूनिंगची चकती फिरवत बसायचं. चित्र आलं की आतून आजी ओरडायची, "बातम्यांची वेळ झाली, काढा ते!"

असो. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर वायरनं काम भागलं असतं. पण या यंत्रांनी टीव्हीकडून पडद्याबरोबर घड्याळही उसनं घेतलं होतं.

जुन्या नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा एक झोत काचेच्या आतल्या बाजूवर डावीकडून उजवीकडे ओळ ओढतो, झटकन मागे येतो, खालची ओळ ओढतो. युरोपात (आणि आपल्या दूरदर्शनवरही) एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद. ६२५ ओळींचं चित्र दोन हप्त्यांत, सेकंदाला ५० हप्ते. हे ५० आले घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झवरून. महत्त्वाचं असं की हा टीव्ही काहीही साठवत नाही. सिग्नल आला की त्याच क्षणी झोत कमी-जास्त होतो आणि तेवढा ठिपका उजळतो. पुढचा सिग्नल वेळेवर नाही आला तर चित्र फाटतं.

म्हणजे चित्र काढणाऱ्यानं झोताबरोबर धावायला हवं. झेडएक्स८० मध्ये हे धावण्याचं काम प्रोसेसर स्वतःच करायचा, चित्रासाठी वेगळी चिप घेण्याइतके पैसेच नव्हते. परिणाम मोठा मजेदार. प्रोसेसर एक तर विचार करणार, नाही तर चित्र काढणार. एक बटण दाबलं की तो त्या बटणाचा विचार करायला जायचा आणि पडदा उड्या मारायचा. प्रोग्राम चालू केला की पडदा कोराच, उत्तर सापडेपर्यंत यजमान दिसणार नाहीत! १९८१ च्या झेडएक्स८१ मध्ये सुधारणा झाली. 'स्लो' मोडमध्ये दिसणाऱ्या ओळी काढून झाल्या की वरखालच्या रिकाम्या पट्ट्यांच्या वेळेत तो आपलं गणित उरकायचा. घाई असेल तर 'फास्ट' मोड, आणि पुन्हा पडदा गुल.

स्पेक्ट्रम आला २३ एप्रिल १९८२ ला. १६ के १२५ पौंडांना, ४८ के १७५ पौंडांना. यात फेरांटी कंपनीची एक खास चिप चित्राचं काम बघत होती. रिचर्ड आल्टवासर यांचं हे हार्डवेअर मी डबा उघडून जितकं बघितलं तितकं मला आवडत गेलं. एका इंजिनिअरनं दुसऱ्याला दाद द्यावी अशी काटकसर आहे ती. प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोक्यांनी चालतो. गुणाकार करून बघा, टीव्हीच्या एका ओळीच्या ६४ मायक्रोसेकंदांत बरोबर २२४ ठोके. एका चित्रात ३१२ ओळी, म्हणजे ६९,८८८ ठोके. खरा टीव्ही दर हप्त्याला तीनशे साडेबारा, म्हणजे ३१२ आणि वर अर्धी ओळ काढतो. त्या अर्ध्या ओळीमुळेच दुसरा हप्ता पहिल्याच्या फटीत बसतो. सिंक्लेअरवाल्यांनी ती अर्धी ओळ सरळ गाळली. त्यामुळे प्रत्येक चित्र आधीच्याच जागी बसतं, अक्षरं थरथरत नाहीत, आणि सेकंदाला ५० ऐवजी ५०.०८ चित्रं होतात. नळीच्या टीव्हीला याचं काहीच वाटत नसे. त्याचा नियम एकच, इशारा आला की खाली ये.

बेसिकमध्ये 'पॉज ५०' लिहिलं की एक सेकंद थांबायचं, कारण यंत्र चित्रं मोजायचं. काकांच्या धावफलकात दर चेंडूनंतर आकडा लुकलुकायचा तो याच हिशेबानं.

कॅसेटवरून प्रोग्राम चढताना पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावायचे, ते ज्यांनी पाहिलेत ते विसरत नाहीत. आधी लाल आणि आकाशी, मग निळे-पिवळे. मला वाटायचं ती सजावट असेल. ती चक्क कॅसेटवरची माहिती आहे! टेपमधली प्रत्येक लाट आली की प्रोग्राम कडेचा रंग बदलतो, आणि झोत तेव्हा जिथे असेल तिथून पुढे नवा रंग सुरू होतो. शून्य असेल तर अर्धी लाट ८५५ ठोक्यांची, म्हणजे पट्टा जेमतेम चार ओळी जाड. एक असेल तर १७१०, पट्टा दुप्पट. डोळे पुरेसे जलद असते तर प्रोग्राम पडद्यावरून वाचून काढता आला असता. काका म्हणाले, आम्ही वाचत नव्हतो, पण पट्टे बघून टेपरेकॉर्डरचा आवाज किती ठेवायचा ते ठरवत होतो. पट्टे कडक आणि सरळ, तर ठीक. फिसकटले तर आवाज अर्धा घर वाढवायचा.

हे सगळं ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या टेबलावर अर्धाच कॉम्प्युटर आहे.

दुसरा अर्धा कधी वेगळा झाला? कॉम्प्युटरच्या पडद्यांनी टीव्हीचं गोत्र सोडलं ते १९८७ साली, आयबीएमच्या व्हीजीएबरोबर. टीव्ही सेकंदाला १५,६२५ ओळी काढतो, व्हीजीए मॉनिटर सुमारे ३१,५००. बहुतेक मॉनिटर या वेगाच्या खाली यायलाच तयार नसत. त्यामुळे त्यानंतर वीसेक वर्षं अशी गेली की टेबलावरचा मॉनिटर या जुन्या यंत्रांना ओळखत नसे, पण दिवाणखान्यातला टीव्ही ओळखत असे. मग तोही गेला. ब्रिटनमध्ये ॲनालॉग प्रक्षेपण बंद करायला २००७ साली व्हाइटहेवन या गावापासून सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये शेवटचा ट्रान्समीटर थांबला. प्रक्षेपणच नाही म्हटल्यावर नव्या टीव्हीत ॲनालॉग ट्यूनर कोण घालणार? स्पेक्ट्रमचं ३६ नंबरचं केंद्र अजून चालू आहे, पण ऐकायला कोणी नाही.

नळीची गोष्ट तर आपल्या गावाजवळून जाते. २००५ साली थॉमसन या फ्रेंच कंपनीनं आपला पिक्चर ट्यूबचा धंदा विकायला काढला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने त्यात होते. ते घेतले तेव्हाच्या औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावर चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉननं. मराठवाड्यातली कंपनी युरोपातले कारखाने घेते याचं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. दोनच वर्षांनी, २००७ च्या शेवटच्या तिमाहीत, जगात नळीच्या टीव्हींपेक्षा एलसीडी टीव्ही जास्त गेले, आणि २०१८ मध्ये व्हिडिओकॉन स्वतःच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घेतलं ते बुडत्या जहाजाचं तिकीट होतं हे आज म्हणणं सोपं आहे. मला चुटपुट वेगळ्याच गोष्टीची लागते. स्पेक्ट्रमची जळलेली चिप उद्या कोणी नव्यानं बनवू शकतो, लोकांनी बनवल्याही आहेत. पण काचेची रंगीत नळी ही घरच्या टेबलावर करायची गोष्ट नाही. त्याला भट्टी लागते, निर्वात करायचे पंप लागतात, अख्खा कारखाना लागतो.

आता माझे शनिवार.

पहिल्या शनिवारी मॉड्युलेटरची डबी उघडली आणि चित्राचा कच्चा सिग्नल रेडिओचा वेष न चढवता थेट बाहेरच्या सॉकेटला जोडला. दोन डाग सोल्डर, जगभर हेच करतात. तो नेला एका स्वस्त डबीत, जी जुना सिग्नल घेते आणि एचडीएमआय देते. टीव्ही लावला, आणि पांढऱ्या पडद्यावर तळाशी '१९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड' ही ओळ! काकांनी माझ्या पाठीत एक धपका घातला. मग कॅसेट लावली. कडेला पट्ट्यांच्या जागी जांभळट चिखल.

कारण ती गाळलेली अर्धी ओळ. नव्या डबीला शिकवलंय की टीव्हीचं चित्र दोन हप्त्यांत येतं, तेव्हा दोन हप्ते एकमेकांत विण आणि एक कर. स्पेक्ट्रमचे दोन हप्ते म्हणजे दोन वेगळी, पूर्ण चित्रं. डबी दोन वेगळ्या क्षणांचे पट्टे एकात एक विणत होती. वर ५०.०८ चं ६० करायचं म्हणून मधूनच एखादं चित्र दोनदा दाखवत होती. टेपचा आवाज बरोबर आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. चार वेळा 'टेप लोडिंग एरर'. चाळीस वर्षांची टेप किती वेळा घासायची याची मला धास्ती. काकांनी कॅसेट काढून खिशात घातली.

आणि सगळ्यात मोठी अडचण ही की नवा टीव्ही चित्र आधी साठवतो, मोठं करतो, रंग 'सुधारतो' आणि मग दाखवतो. तीन चित्रं जरी हातात धरली तरी ६० मिलिसेकंद उशीर. धावफलकाला चालेल, पण उडी मारायच्या खेळात माणूस खड्ड्यात पडतो आणि त्याला वाटतं आपलं वय झालं. आपल्या टीव्ही गेमबरोबर बदकं मारायची बंदूक यायची, आठवते? ती प्रकाश पाडत नसे, बघत असे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. त्याच चित्रात बंदुकीला पांढरं दिसलं तर बदक पडलं. नव्या टीव्हीवर गेम विचारतो "दिसलं का?" तेव्हा चौकोन अजून टीव्हीच्या पोटातच असतो. त्या टीव्हीवर ती बदकं अमर आहेत.

याच सुमारास एका ओळखीच्याचा झेडएक्स८१ हाताखाली आला, त्यानं तर कमालच केली. चित्रच नाही, नुसता काळोख. यंत्र ठणठणीत. प्रत्येक ओळ सुरू होण्याआधी सिग्नलमध्ये एक छोटी शांत जागा असायला हवी, जिच्यावरून टीव्ही ठरवतो की काळा म्हणजे किती. सुरुवातीच्या झेडएक्स८१ मधल्या चिपमध्ये ती जागाच ठेवलेली नाही. जुने टीव्ही अंदाजानं भागवून न्यायचे. नवा टीव्ही शिस्तीचा, तो ठरलेल्या जागी बघतो. तिथे झेडएक्स८१ चा पांढरा पडदा सुरू झालेला असतो, आणि टीव्ही त्या पांढऱ्यालाच काळा समजून बसतो! पुढच्या चिपमध्ये ही चूक दुरुस्त झाली, पण ज्यांच्याकडे आधीची आहे त्यांना आजही मध्ये एक छोटं सर्किट घालून ती शांत जागा तयार करावी लागते.

बीबीसी मायक्रोवाल्यांचं बरं आहे. १९८१ साली एकॉर्ननं काढलेलं हे यंत्र शाळांसाठी असल्यानं महाग होतं, आणि त्याच्या पाठीला मॉनिटरसाठी लाल, हिरवा, निळा असे वेगळे सिग्नल होते. (आपल्याकडे १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात शाळांना मिळाले ते हेच. स्पेक्ट्रमची परवान्यानं बनवलेली आवृत्तीही भारतात आली, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सची.) प्रत्येक रंग एक तर आहे, नाही तर नाही. त्यामुळे रास्पबेरी पाय झीरोसारखा चिमुकला कॉम्प्युटर ते ठिपके जसेच्या तसे मोजून एचडीएमआयवर देऊ शकतो. म्हणजे एका कॉम्प्युटरचं चित्र बघायला त्याच्याहून कितीतरी पट ताकदीचा दुसरा कॉम्प्युटर. स्पेक्ट्रमसाठीही असं एक कार्ड मिळतं. ते सिग्नलच्या वाटेला जात नाही, मागच्या खाचेत बसून प्रोसेसर चित्राच्या मेमरीत काय लिहितोय ते चोरून ऐकतं आणि स्वतःच चित्र काढतं.

नव्यानं बनवलेलं यंत्र तरी सुटलं का? २०२० पासून लोकांच्या हाती आलेल्या स्पेक्ट्रम नेक्स्टला एचडीएमआय आहे. पण एचडीएमआयची वेळापत्रकं ठरलेली. ती पाळायची तर नेक्स्टला सगळा कारभार किंचित हळू चालवावा लागतो, २८ ऐवजी २७ च्या ठोक्यावर. अचूक वेळ हवी असेल तर जुनं व्हीजीएचं भोक वापरा, असं त्याचेच जाणकार सांगतात. १९८२ मध्ये टीव्हीच्या घड्याळावर चालत होता, आता मॉनिटरच्या.

तिसऱ्या शनिवारी एका मित्राकडून ओळ दुप्पट करणारी डबी उसनी आणली. ही चित्र साठवत नाही. एक ओळ हातात धरते आणि तेवढ्याच वेळात दुप्पट वेगानं दोनदा देते. १५,६२५ च्या ३१,२५० ओळी झाल्या, चित्रं तीच ५०.०८. ते तिरकं ५०.०८ माझ्या मॉनिटरनं नाकारलं. मग आम्ही सगळं बिऱ्हाड उचलून क्लबात गेलो, तिथल्या युरोपीय टीव्हीला ५० ची सवय होती, त्यानं पाव सेकंद विचार केला आणि घेतलं. टीव्हीचा उशीर होताच, पण त्याला आमची हरकत नव्हती.

काकांनी खिशातून कॅसेट काढली. लाल-आकाशी पट्टे आले, जाड आणि सरळ. मग निळे-पिवळे. काका टीव्हीकडे बघत टेपरेकॉर्डरच्या आवाजाची चकती केसभर फिरवत राहिले, चाळीस वर्षांपूर्वी फिरवली असेल तशीच. पट्टे थांबले. तळाशी 'झीरो ओके'. प्रोग्राम चढला होता.

मी 'रन' दाबायला बोट पुढे केलं तर त्यांनी माझा हात धरला.

"रन नको! रन केलंस तर सगळं पुसेल. गो टू दहा."

खरंच की. स्पेक्ट्रम प्रोग्राम टेपवर ठेवताना त्यातले आकडेही सोबत ठेवतो. 'रन' ते पुसून टाकतं, 'गो टू' नाही. मी मॅन्युअलमध्ये वाचलं होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही. त्यांना आठवलं.

गो टू दहा. हिरव्या पडद्यावर मोठे पिवळे आकडे आले. नऊ बाद १४७. खाली जिंकायला ४, आणि चेंडूंचा आकडा लुकलुकत होता.

"हा सामना आम्ही हरलो," काका म्हणाले. "तो पायचीत नव्हताच. तू मला विचार, मी समोर बसलो होतो."